‘अक्कलकोट, अक्कलकोट!’: इंटरनेटवर पत्ते कसे पळवतात आणि त्यावर पाळत कशी ठेवतात

सोलापूरच्या एसटी स्टँडबाहेर उभं राहिलं की वडापवाल्यांचा गलका कानावर येतो. ‘अक्कलकोट, अक्कलकोट!’ ‘तुळजापूर, चला तुळजापूर!’ गाडी खरंच तिकडे जाते का, त्या पोराकडे परवाना आहे का, हे कुणी विचारत नाही. जो ओरडतो त्याच्यावर विश्वास ठेवून आपण आत सरकून बसतो. त्यातच एखादा चलाख पोरगा नुसतं ‘अक्कलकोट’ न म्हणता ‘अक्कलकोट, वटवृक्ष मंदिराच्या दारात!’ असं ओरडतो. बाकीच्यांच्या गाड्या रिकाम्या राहतात, त्याची भरते.

इंटरनेटचे रस्ते साधारण याच पद्धतीने ठरतात. मी सोलापुरातल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत नेटवर्कचं काम करतो. लाइनी तपासणं, राउटर बसवणं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणं ही नेहमीची कामं. त्यात एक जरा विचित्र कामही आहे. आमच्या पत्त्यांच्या नावाने जगात कोण कोण ओरडतंय, हे चोवीस तास ऐकत बसायचं. हे काम का करावं लागतं, ते सांगतो.

आधी पत्ता म्हणजे काय ते बघू. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो, म्हणजे बहुतेकदा ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. हे पत्ते सुटे दिले जात नाहीत, गठ्ठ्याने दिले जातात. आमच्या कंपनीकडे १०२४ पत्त्यांचा एक गठ्ठा आहे. आमच्या भाषेत त्याला ‘स्लॅश बावीस’ म्हणतात. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी २५६ पत्त्यांचे चार ‘स्लॅश चोवीस’ होतात. स्लॅशनंतरचा आकडा जितका मोठा तितका गठ्ठा लहान, आणि पत्ता तितका नेमका.

हे पिनकोडसारखंच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. वेलणकर डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. नुसतं ४१३ म्हटलं तर त्यात सोलापूर आलं, पंढरपूर आलं आणि बारामतीही आली. ४१३००१ म्हटलं की सोलापूरचं मुख्य पोस्ट ऑफिस. पत्र वाटणारा नेहमी जास्त आकडे जुळणाऱ्या खणात पत्र टाकणार. राउटरही तेच करतो. एकाच पत्त्याकडे जाणारे दोन रस्ते माहीत असतील, एक मोठ्या गठ्ठ्याचा आणि एक लहान गठ्ठ्याचा, तर तो डोळे झाकून लहान गठ्ठ्याचा रस्ता धरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पिनकोडच्या मागे निदान एक खातं आहे. इंटरनेटचं तसं नाही. ते पंचाहत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र नेटवर्कांचं मिळून बनलंय. टेलिकॉम कंपन्या, बँका, विद्यापीठं, सरकारी खाती आणि आमच्यासारख्या चिल्लर कंपन्या, सगळ्या त्यात आल्या. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजाऱ्यांना सांगतं, ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत.’ शेजारी स्वतःचा नंबर पुढे जोडून ते आपल्या शेजाऱ्याला सांगतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. सोलापुरातून निघालेली बातमी अशी तोंडातोंडी मिनिटा-दोन मिनिटांत ब्राझीलपर्यंत पोचते. या तोंडातोंडीच्या भाषेचं नाव बीजीपी.

या भाषेची जन्मकथा आमच्या धंद्यात सगळे चवीने सांगतात. जानेवारी १९८९. अमेरिकेत ऑस्टिनला एक बैठक चालू होती. सिस्कोचे कर्क लॉगहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर जेवायला बसले, आणि जेवता जेवता त्यांनी हातपुसण्याच्या कागदांवर या भाषेचा आराखडा खरडला. तेव्हाची नड भागवायला केलेली तात्पुरती सोय होती ती. आज ३५ वर्षांहून जास्त काळ झाला, तरी सगळं जग त्याच कागदाच्या वंशजावर चालतंय. तेव्हा नेटवर्कं मोजकी होती आणि ती चालवणारी माणसं एकमेकांना ओळखत होती. ‘हे पत्ते खरंच तुझे कशावरून?’ असा प्रश्न विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. म्हणून तो प्रश्न विचारायची सोय भाषेतच नाही.

पत्ते कुणाचे याची नोंद मात्र व्यवस्थित आहे. आपल्या भागाची नोंद एपनिक ही ब्रिस्बेनची संस्था ठेवते. तिच्याखाली भारतात आयआरआयएनएन आहे, जी निक्सी ही संस्था चालवते. आमचा १०२४ चा गठ्ठा तिथे आमच्या नावावर आहे. थोडक्यात, सातबारा आहे. पण बीजीपी सातबारा बघतच नाही. शेतात जो उभा राहून ‘हे माझं’ म्हणेल त्याचं ते ऐकतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००८ चं आहे. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायचा हुकूम काढला. तिथल्या सरकारी टेलिकॉम कंपनीने काय केलं, तर ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे आहेत’ अशी घोषणा देशापुरती करायची आणि आलेली सगळी वाहतूक खड्ड्यात टाकायची. युक्ती ठीक होती. पण ती घोषणा देशात थांबली नाही. हाँगकाँगच्या ज्या मोठ्या कंपनीकडून त्यांनी इंटरनेट घेतलं होतं, तिलाही ती ऐकू गेली, आणि तिने न तपासता जगाला सांगितली. यूट्यूब स्वतः जाहीर करत होतं २०८.६५.१५२.० पासूनचा स्लॅश बावीस, म्हणजे आमच्याइतकाच १०२४ चा गठ्ठा. पाकिस्तानातून आला त्यातलाच २०८.६५.१५३.० चा स्लॅश चोवीस. वटवृक्ष मंदिराच्या दारातला वडापवाला! सगळं जग त्याच्या गाडीत बसलं.

आपल्या घड्याळाने तेव्हा २५ फेब्रुवारीचे रात्रीचे १२ वाजून १७ मिनिटं झाली होती. १ वाजून ३७ मिनिटांनी यूट्यूबने तोच स्लॅश चोवीस स्वतः जाहीर केला. त्यामुळे सामना बरोबरीत आला. आता गठ्ठा दोघांचाही सारखा, त्यामुळे ज्याला ज्याचा रस्ता सोयीचा तो त्याच्याकडे जायला लागला. आणखी अकरा मिनिटांनी त्यांनी त्याचेही दोन तुकडे करून स्लॅश पंचवीस जाहीर केले. पण स्लॅश चोवीसपेक्षा लहान तुकडा बहुतेक नेटवर्कं ऐकूनच घेत नाहीत, त्यामुळे त्याचा उपयोग अर्धवट झाला. २ वाजून ३१ मिनिटांनी हाँगकाँगच्या कंपनीने पाकिस्तानची घोषणा काढून टाकली तेव्हा सगळं निवळलं. यूट्यूबच्या राउटरांमध्ये या सव्वादोन तासांत काहीही बिघाड नव्हता.

बहुतेक वेळा यामागे वाईट हेतू नसतो, धांदरटपणा असतो. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एका लहान कंपनीचा राउटर बिनसला आणि त्याने इंटरनेटच्या मोठ्या भागाचे पत्ते आपलेच असल्याचं जाहीर करून टाकलं. त्या कंपनीचा नंबर होता ७००७, आणि तो आमच्या धंद्यात अजून शिवीसारखा वापरतात. आपल्याकडेही हे घडलंय. नोव्हेंबर २०१५ मध्ये भारती एअरटेलकडून सुमारे १६ हजार गठ्ठे चुकून स्वतःच्या नावाने जाहीर झाले, आणि एप्रिल २०२१ मध्ये व्होडाफोन आयडियाकडून ३० हजारांहून जास्त.

पण कधी कधी खरोखरच चोर असतो. २४ एप्रिल २०१८ ला कुणीतरी ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेचे काही स्लॅश चोवीस ओहायोतल्या एका लहान कंपनीच्या नेटवर्कातून जाहीर केले. डीएनएस म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितलं की आयपी पत्ता देणारी डिरेक्टरी. चोराने डिरेक्टरीच पळवली. जवळजवळ दोन तास मायइथरवॉलेट या क्रिप्टो साइटकडे निघालेले कितीतरी लोक खोट्या साइटवर पोचत होते, आणि सुमारे दीड लाख डॉलरचं इथेरियम गेलं. खोट्या साइटचं प्रमाणपत्र धड नव्हतं, त्यामुळे ब्राउझर इशारा दाखवत होता. ज्यांनी तो इशारा बाजूला सारून ‘पुढे जा’ दाबलं, त्यांचेच पैसे गेले. एवढा एकच मुद्दा सामान्य वाचकाच्या थेट कामाचा आहे, तो सांगून ठेवतो. बाकीचं निस्तरणं आमच्याकडे लागलं.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. अक्षता सोहळ्याचा दिवस, निम्मं ऑफिस सुट्टीवर. दुपारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचा फोन आला. कारखाना बंद होता, पण जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला गड्डा कुठला माहीत! त्याला त्यांच्या ऑर्डरचं पान उघडता येत नव्हतं. शिवाय त्यांच्या स्वतःच्या लाइनीवर काही साइट झकास चालत होत्या आणि काही नुसत्या फिरत बसत होत्या. मी ऑफिसातून ते पान उघडून बघितलं, क्षणात उघडलं. पुण्यातल्या मित्राला विचारलं, त्याच्याकडेही उघडलं. मग मी त्यांना काय सांगितलं असेल? ‘काका, एकदा राउटर बंद करून चालू करा ना.’

त्यांनी केलं. काय उपयोग? तासाभरात त्याच स्लॅश चोवीसमधल्या आणखी तिघांचे फोन आले, तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमचा तोच गठ्ठा दुसरंच कुणीतरी जाहीर करत होतं. परराज्यातल्या एका लहान कंपनीने आपला गठ्ठा टाकताना एक आकडा चुकवला होता, आणि त्यांच्या अपस्ट्रीमने, म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून ते इंटरनेट घेतात तिने, न तपासता तो पुढे ढकलला होता. सुदैवाने आम्ही चारही स्लॅश चोवीस वेगवेगळे जाहीर करत होतो, म्हणून जगाची वाटणी झाली. काही देशांना आमचा रस्ता जवळचा होता, काहींना त्यांचा. आमच्या गिऱ्हाइकाची मागणी जर्मनीला पोचत होती, पण उत्तर चुकीच्या राज्यात जाऊन पडत होतं. नुसता स्लॅश बावीस जाहीर केला असता तर तो अख्खा तुकडा जगापुरता हातचा गेला असता.

त्या कंपनीचा फोन नंबर नोंदीत होता, पण फोन ज्याला लागला तो तिथली नोकरी सोडून वर्ष झालेला माणूस. भला होता बिचारा. त्याने जुन्या सहकाऱ्याला उठवलं. त्या पोराने दहा मिनिटांत आकडा दुरुस्त केला आणि तीनदा सॉरी म्हणाला. एकूण दीड तास गेला. त्यातला तासभर मी स्वतःच्याच राउटरमध्ये चूक शोधण्यात घालवला, आणि ते साहजिकच होतं. कारण पत्ता पळवला गेलाय हे ज्याचा पत्ता गेला त्यालाच दिसत नाही.

हे जरा नीट समजावून घेण्यासारखं आहे. माझ्या राउटरला आमचे पत्ते आमच्याच घरात आहेत हे पक्कं माहीत असतं. बाहेरून कुणी तोच गठ्ठा माझा म्हणत आला तर राउटर स्वतःचं ऐकतो, त्याचं नाही. कुणी आमचा नंबर शेवटी जोडून खोटी वाट तयार केली, तर राउटर म्हणतो, ‘या वाटेत माझाच नंबर आहे, म्हणजे ही फिरून माझ्याकडेच येणार,’ आणि ती तिथल्या तिथे फेकून देतो. गोल गोल फिरणं टाळायला केलेली ही सोय आहे. पण तिच्यामुळे माझ्याबद्दल गावभर चाललेलं खोटं माझ्याच कानावर येत नाही. म्हणून दुसऱ्यांच्या कानांनी ऐकावं लागतं.

ते कान उसने मिळतात, आणि फुकट मिळतात. ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेने जगभरच्या इंटरनेट एक्स्चेंजांवर, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणी, फक्त ऐकणारी यंत्रं बसवली आहेत. शेकडो नेटवर्कं आपल्याला दिसणारे सगळे रस्ते या यंत्रांना आपखुशीने सांगतात. यंत्रं कुणाची वाहतूक वाहत नाहीत, नुसती टिपून ठेवतात. अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचं राउटव्ह्यूज हेही तसलंच काम नव्वदच्या दशकापासून करतंय. राइपचा हा प्रवाह थेट मिळतो. कुठे घोषणा झाली की काही सेकंदांत ती आपल्या स्क्रीनवर येते.

आम्ही ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर बीजीपीअलर्टर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलंय. त्याला एक फाइल लिहून दिली आहे. हे आमचे गठ्ठे, हा आमचा नंबर, हे आमचे अपस्ट्रीम. ते तो प्रवाह ऐकत बसतं आणि फाइलशी न जुळणारं काही आलं की माझ्या फोनवर बोंब मारतं. आमचा गठ्ठा दुसऱ्या नंबरकडून जाहीर झाला, तर ती सरळ चोरी किंवा चूक. आम्ही न केलेला लहान तुकडा दिसला, तर यूट्यूबसारखा प्रकार. आमचा गठ्ठा पुष्कळ ठिकाणांहून एकदम दिसेनासा झाला, तर बहुतेक आमचीच फायबर कुठल्यातरी जेसीबीने उखडलेली असते.

सगळ्यात अवघड प्रकार वेगळाच. शेवटी नंबर आमचाच असतो, पण त्याच्या अलीकडचा शेजारी अनोळखी असतो. म्हणजे चोर म्हणतो, ‘पत्ते त्यांचेच आहेत हो, मी फक्त त्यांच्यापर्यंत पोचवतो.’ वडापवाला म्हणतो ना, ‘बसा तर, पुढं एसटीत बसवून देतो,’ तसं. हे ओळखायचं तर आपले खरे शेजारी कोण याची यादी ताजी ठेवावी लागते.

आणि ती ताजी राहत नाही! पहिल्या आठवड्यात माझा फोन इतका वाजला की होम मैदानावर भजी खाताना मित्र वैतागून म्हणाला, ‘काय बघालालास बे एवढं?’ मी बघत होतो ते सगळे खोटे गजर. आम्ही मुंबईची नवी लाइन घेतली होती आणि फाइलमध्ये तिचा नंबर टाकायचा राहिला होता. मोठ्या कंपन्या एकच पत्ता मुद्दाम अनेक ठिकाणांहून जाहीर करतात. हल्ल्याच्या वेळी वाहतूक गाळून घ्यायला काही जण आपला गठ्ठा दुसऱ्या कंपनीकडून जाहीर करवतात. बाहेरून हे सगळं चोरीसारखंच दिसतं. खरं-खोटं ठरवायला शेवटी आपलं नेटवर्क ओळखणारा माणूस लागतो. दुसरं म्हणजे, चोराने आपली घोषणा एखाद्याच शेजाऱ्यापुरती ठेवली आणि तिथे कुणाचा कान नसला, तर आमच्याकडे शांतताच असते.

मग सातबारा बघायची सोय कुणी केलीच नाही का? केली. तिचं नाव आरपीकेआय, पायाभूत दस्तऐवज २०१२ चे. गठ्ठ्याच्या मालकाने एक डिजिटल सहीचा दाखला काढायचा. हा गठ्ठा अमुक नंबरच जाहीर करू शकतो, आणि इतक्याच लहान तुकड्यांपर्यंत. जगातले राउटर तो दाखला तपासून न जुळणारी घोषणा फेकून देऊ शकतात. मे २०२४ मध्ये जगातल्या आयपीव्ही४, म्हणजे चार आकड्यांच्या पत्त्यांच्या, रस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त रस्त्यांचे असे दाखले झाले. गड्ड्याच्या दिवशी आमचे दाखले असते आणि त्या अपस्ट्रीमने ते तपासले असते, तर कारखानदार काकांना राउटर बंद-चालू करावा लागला नसता. दाखले आम्ही नंतर काढले. तोपर्यंत ‘बघू, सवडीने करू’ चालू होतं, आणि तो आळस माझाच.

दाखल्याने सगळं मिटत नाही. तो फक्त शेवटचा नंबर तपासतो, मधली वाट तपासत नाही. ‘पुढं एसटीत बसवून देतो’ म्हणणारा त्यातून सुटतो. आणि लहान तुकड्यांची मुभा गरजेपेक्षा जास्त दिली, तर तो आमचा नंबर लावून आम्ही जाहीर न केलेला तुकडा आणतो, आणि दाखल्यावर तो वैध ठरतो. म्हणून जेवढं जाहीर करतो तेवढ्याचाच दाखला काढावा.

सातबाऱ्यावरच कुणी फेरफार केला तर? तेही झालंय. ३ जानेवारी २०२४ ला स्पेनमधल्या ऑरेंज कंपनीच्या राइपमधल्या खात्यात एक हॅकर शिरला. पासवर्ड होता ‘राइपॲडमिन’, आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. त्याने पत्ते पळवले नाहीत, दाखले बदलले. त्यामुळे ऑरेंजच्या स्वतःच्या खऱ्या घोषणाच जगाला खोट्या वाटायला लागल्या आणि नेटवर्कांनी त्या फेकून दिल्या. तीनेक तास स्पेनमधल्या त्यांच्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट लडखडलं. ही बातमी वाचली त्या रात्री मी आमच्या खात्याचा पासवर्ड बदलला. आधी काय होता ते सांगत नाही.

आता आमचा जुना कॉम्प्युटर दाखल्यांवरही नजर ठेवतो. नोंदीतला फोन नंबर आम्ही दर तीन महिन्यांनी स्वतःच लावून बघतो. आमच्या चारही तुकड्यांचे दाखले आहेत. राहिलाय तो एका जुन्या गिऱ्हाइकाचा गठ्ठा. तो त्यांनी स्वतःचा आणलाय, आम्ही फक्त जाहीर करतो. कागदपत्रं त्यांच्या वडिलांच्या काळातल्या कंपनीच्या नावावर आहेत, आणि ती कंपनी आता नाही. नाव बदलल्याशिवाय दाखला निघत नाही. आज सकाळीही त्यांना फोन केला. ‘सीएला सांगितलंय, करतो म्हणालाय,’ असं उत्तर मिळालं. तोवर त्या गठ्ठ्यासाठी फोनवर वेगळी रिंगटोन लावून ठेवली आहे.